बाबांचं खोटं आणि माझं इंग्रजी

माझ्या लग्नाच्या बोलणीत बाबा एकच खोटं बोलले. पण ते असं बोलले की मला अठरा वर्षं पुरलं.

सोनाळ्याची मंडळी मला पाहायला वडनेर भोलजीला आमच्या घरी आली होती. मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "पोरगी किती शिकेल हाय तुमची?" आणि बाबा म्हणाले, "दहावी पास हाय." मी दहावीला बसले होते एवढं खरं होतं. इंग्रजीत मला चोवीस मार्क पडले होते, आणि त्या चोविसांनी बाकी सगळे विषय पाण्यात घातले होते. दाराआड कपबश्या वाजल्या. सासूबाईंना वाटलं, पोरगी लाजाळू आहे. माझ्या स्वभावाबद्दलचा त्यांचा तो पहिला आणि शेवटचा गैरसमज.

पुढे अठरा वर्षं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावभर सांगत राहिल्या की आमची सून दहावी पास आहे. बँकेचा कागद आला की माझ्याकडे, औषधाची बाटली आली की माझ्याकडे. मी वाचून दाखवायचे आणि जे कळायचं नाही ते ठणकावून सांगायचे. ठणकावून सांगितलं की कोणी फेरतपासणी करत नाही, हे मी बाबांकडूनच शिकले.

गोची केली माझ्या लेकीने. ती आठवीत गेली आणि एका संध्याकाळी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "मम्मी, हे ॲक्टिव्ह व्हॉइस काय असते?" ओट्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "विचार मायले. दहावी पास हाय ते." मी पुस्तक उघडलं, मिटलं आणि भाजी करपते म्हणून उठले. चुलीवर भाजी नव्हतीच. लेकीला ते दिसलं आणि तिने पुस्तक दप्तरात परत ठेवलं. मला फार राग आला, अर्थात माझाच.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आणि मी मिरची तोडत होतो, त्या एका सरीत, मी शेजारच्या. तोंडाकडे पाहावं लागत नाही म्हणून मी तिथेच सांगून टाकलं. आत्याबाईंचे हात थांबले नाहीत. सरी संपली, दुसरी संपली. मग त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं मी गावाले सांगून राह्यलो, सून पास हाय म्हून. म्हंजे खोटं मीच बोलून राह्यलो?"

"चुकलं, आत्याबाई."

"तुयं नाही चुकलं. तुया बापाचं चुकलं." त्यांनी टोपली उचलून डोक्यावर घेतली. "आता ते खोटं तूच खरं कर. बस परीक्षेले. तोवर मी इवायाशी बोलत नाही."

आणि खरंच बोलल्या नाहीत. व्याह्यांचा फोन आला की त्या गोठ्यात जायच्या. दिवाळीला बाबा आले तेव्हा त्यांना जेवायला वाढलं, पुरणपोळीवर तूपही आग्रहाने, पण आग्रह लेकीमार्फत. "आजोबाले म्हन, आखीन एक घ्या." बाबा मान खाली घालून खात होते. जाताना मला हळूच म्हणाले, "पास हो वं माय. मले त्या घरात घास उतरत नाही." चार पोळ्या उतरल्या होत्या, पण ते जाऊ द्या. तेव्हाच मनाशी ठरवलं, या वेळी इंग्रजीला सोडायचं नाही.

मी बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. सगळे विषय पुन्हा द्यायचे होते, पण धास्ती एकाचीच. गल्लीतली एक मुलगी घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिला मॅडम म्हणायला मला आठवडा लागला. मी पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसायचे. ॲक्टिव्ह व्हॉइस मला पटकन कळला: काम करणारा आधी, मग काम, मग ज्याच्यावर काम होतं ते. मी वहीत इंग्रजीत लिहिलं, आत्याबाई मिरची तोडतात. मॅडम म्हणाल्या, आता ते उलटं करा. आत्याबाई वाक्याच्या शेवटी गेल्या. घरी जाऊन मी ते त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "तोडतो मी आन् नाव पयले मिरचीचं? कोनं केलं हे?"

मग मॅडमनी क्रियापदाचे अर्थ शिकवले. एक नुसतं सांगण्याचा, एक हुकमाचा, एक इच्छेचा. आमच्या घरात ते आधीच वाटून दिलेले होते. हुकूम आत्याबाईंचे, इच्छा माझ्या आणि नुसतं सांगणं नवऱ्याचं, तेही जेवताना. त्यामुळे गृहपाठ आला तेव्हा मी अडले. घरातल्या माणसाला इंग्रजीत पाच हुकूम द्या आणि पाळले की नाही ते लिहून आणा, असं मॅडमनी सांगितलं होतं.

मी शेळीला हुकूम दिले. 'कम हिअर' म्हटलं, आली. 'गो' म्हटलं, गेली नाही. तसं प्रामाणिकपणे लिहून नेलं. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं आणि पोरं हसून लोळली. "काकू, माणसाला द्यायचा हुकूम," त्या म्हणाल्या. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, मराठीत तरी मी कुठं ऐकतो? लेकीला हुकूम दिला तर ती उठायच्या ऐवजी माझे उच्चार सुधारत बसली.

आत्याबाई बाजेवरून हे सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "मले सांग. मी ऐकतो."

"तुम्हाले कसं सांगू, आत्याबाई?"

"काऊन? पास नाही व्हायचं काय?"

मी डोक्यावरचा पदर नीट केला, वही धरली आणि म्हणाले, "सिट डाउन." अर्थ सांगितला.

"बसेलच तं हाव मी."

"मग स्टँड अप."

गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. पण त्या परीक्षेला बसल्यासारख्या गंभीर उभ्या होत्या, म्हणून मी पुढचं वाचलं. "गिव्ह मी वॉटर."

"वाटर म्हंजे?"

"पाणी."

त्या माठाकडे गेल्या, पेला विसळला, भरला आणि आणून माझ्या हातात दिला. अठरा वर्षांत त्या घरात मी किती पेले दिले असतील, आणि मला मिळालेला तो पहिला. मी उभ्यानेच सगळा प्यायले. डोळे भरून आले ते पेल्याआड लपवले.

"थँक यू," मी म्हणाले.

"हा कोनता हुकूम हाय?"

"हा हुकूम नाही, आत्याबाई."

त्यानंतर त्या इंग्रजी हुकमांनी कोणाला स्वस्थ बसू दिलं नाही. मिरची तोडायला येणाऱ्या बाया बांधावर गप्पा मारत बसल्या की आत्याबाई लांबूनच म्हणायच्या, "स्टँड अप." बायाही उठायच्या. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी सकाळी मिरचीचा तोडा होता, मजूर लवकर आले होते, आणि माझा हात सवयीने टोपलीकडे गेला. आत्याबाईंनी टोपली काढून घेतली. "गो," त्या म्हणाल्या. शेळी गेली नव्हती, मी गेले.

निकाल लेकीच्या मोबाइलवर दुपारी लागला. ती ओरडलीच. "मम्मी, सगळ्यात पास. इंग्रजीत सदतीस."

"पास कितीले होते?" आत्याबाईंनी विचारलं.

"पस्तीसला."

"मंग दोन जास्तच हायेत. लाव इवायाले फोन."

मी लावला. "बाबा, पास झाले," एवढंच म्हणता आलं. तेवढ्यात आत्याबाईंनी फोन हातातून घेतला. वर्षभर त्यांनी ज्याचा आवाज ऐकायचं टाळलं होतं त्या माणसाला त्यांनी विचारलं, "इवाईबुवा, पोरगी किती शिकेल हाय तुमची?"

फोन स्पीकरवर होता. बाबांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मग ते सावकाश म्हणाले, "दहावी पास हाय."

"मंग ठीक हाय," आत्याबाई म्हणाल्या. "जमलं समजा."