सलबियामावशीच्या जास्वंदीचा पाला

मलाक्काजवळच्या त्या वस्तीत कुणाचं पोर तापलं की सलबियामावशीच्या दारच्या जास्वंदीचा पाला कुस्करून त्याच्या टाळूवर ठेवायचे. विचारायचं मात्र कुणी नाही. मावशी बोंबलायची, "मेल्यांनो, झाड मुळासकट न्या!"

काल पानांवरच्या पिठ्या ढेकणांच्या किडीला वैतागून तिने झाडावर कीटकनाशक मारलं. सकाळी बघते तर एक फांदी ओरबाडलेली! ती दारोदार धावली. "पाला कुणी नेला? विष आहे गं त्यावर!"

शेजारची हस्नी फिदीफिदी हसली. "मागच्या खेपेला झाडात नाग आहे म्हणालीस. आता विष?"

"तेव्हा खोटं बोलले गं, आज खरं सांगतेय!"

"आम्ही नाही नेला," म्हणत हस्नीने दार लावून घेतलं.

आत पोर कण्हत होतं.