बॉडीवर फक्त नंबर

न्हावऱ्याच्या भिमाजींची सुलक्षणा तिशीला आली तरी तिच्या नावावरून चिमटा काढायची गावाची हौस काही फिटली नव्हती. "नाव सुलक्षणा आन् लक्षणं बघा एकेक," असं पारावर कुणीतरी म्हणायचंच. तिच्या कानावर ते पडायचं. ती पिकअपचा गिअर टाकून पुढे निघून जायची.

लक्षणं म्हणजे काय, तर कवठे येमाईला दिलेली पोर दोन वर्षांत माहेरी परत आली आणि का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. बरं, आल्यावर तोंड लपवून घरात बसावं, तर तेही नाही. भिमाजींचे गुडघे गेले होते, त्यांचा दुधाचा पिकअप दारात उभा होता. तिनं किल्ली घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून वस्त्यावस्त्यांवरून कॅन गोळा करून दूध संस्थेच्या केंद्रावर घालायला सुरुवात केली. इथवर लोकांनी एक वेळ चालवून घेतलं असतं. पण मग तिनं ती लाल गाडी आणली.

रांजणगावच्या कारखान्यातला एक इंजिनियर बदली होऊन चालला होता, त्याची. पोटावर वाकून चालवायची, तीनशे सीसीची स्पोर्ट बाईक. पुण्यातल्या चार पोरापोरींबरोबर ट्रकात गाडी टाकून ती कोइमतूरजवळच्या रेसच्या ट्रॅकवर शिकायला गेली आणि तिचा जीव तिथंच अडकला. तिथल्या रस्त्यावर समोरून कुणी येत नाही. उसाची ट्रॉली नाही, म्हैस नाही, चुलता नाही. वळण आलं की फक्त वळणाचा विचार करायचा. इतकं मोकळं आपल्याला याआधी कधी वाटलं होतं, हे तिला आठवून आठवेना.

दुसऱ्या खेपेला ती बायकांच्या रेसमध्ये उतरायचं म्हणून गेली आणि सरावातच पडली. खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नाही, पण गाडीची कंपनीची बॉडी, म्हणजे बाहेरचं सगळं कवच, खिळखिळी झाली. प्लास्टिकचे लॉक तुटले, हेडलाईट वायरींवर लोंबकळायला लागला. तिथल्या तपासनिसानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "रेसला यायचं तर रेसची बॉडी बसवून या. लाईट नको, आरसे नकोत. आणि खालचं पॅन बंद हवं. इंजिन फुटलं तर ऑईल पॅनमध्ये राहिलं पाहिजे, ट्रॅकवर नाही."

तुकडे पोत्यात भरून ती घरी आली. थोरला भाऊ सत्यजीत ते पोतं बघून म्हणाला, "झाली हौस? आता इकून टाक."

"इकायची न्हाई. रेसची बॉडी बसवायची हाय."

"लाईट नसलेली गाडी रस्त्यावर कशी चालवणार?"

"रस्त्यावर चालवायचीच न्हाई."

सत्यजीतला हे कळेना. शिरूरच्या बाजारालाही न जाणारी गाडी घरात ठेवायची कशाला? भिमाजींनाही कळेना. "कामाची नसलेली वस्तू घरात काय करायची?" ते म्हणाले.

"आप्पा, माझ्या वाटणीला आजवर सगळ्या कामाच्याच वस्तू आल्यात. एक बिनकामाची असू द्या की."

आई सोजराबाई भाकरी थापत होती. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मग सुलक्षणा बॉडी शोधायला लागली. पुण्याच्या एका दुकानात तयार किट होतं. तिनं त्यातला फायबरचा एक तुकडा उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसली. अंगठा दाबला की आत जायचा, आणि भोकं पाडलेली होती ती दुसऱ्याच सालच्या मॉडेलची. "थोडं घासून बसतं मॅडम," दुकानातला म्हणाला. तिनं किट परत ठेवलं. परदेशी कार्बन फायबरच्या बॉडीचे फोटो फोनवर होते, काळ्याशार, पिसासारख्या हलक्या. पण ज्यांनी बसवली होती ती पुण्याची पोरं सांगायची की एकदा पडलं की तडकते, आणि इथं तिला दुरुस्त करणारा सापडत नाही. त्यांतल्याच एकानं तिला कासुर्डीच्या रोहिदासचा पत्ता दिला.

सोलापूर हायवेला लागून रोहिदासची शेड होती. ट्रकच्या केबिनवरचे टोप, स्कूलबसचे बंपर, गणपतीचे रथ असं सगळं तो फायबरमध्ये ओतायचा. पन्नाशीचा, कपड्यांवर कायम पांढरी धूळ. त्यानं पोतं ओतून तुकडे जमिनीवर मांडले आणि एकेक उचलून उलटसुलट पाहिला.

"रेसच्या गाडीचं काम मी केलेलं न्हाई, ताई. पयलंच सांगतो."

"मीबी कुठं केलंय, मामा. बघत बघत करू."

पिकअपमधून गाडी खाली घेऊन त्यानं तिला तिच्यावर बसायला लावलं, गुडघे कुठं टेकतात तिथं खडूनं खुणा केल्या. मग विचारलं, "हलकी पायजे का दणकट? दोन्ही एकात व्हायचं न्हाई. थर कमी केलं की वजन उतरतं, पर पडलीस की फाटती."

सुलक्षणानं विचार केला. सगळे रेसवाले वजनाचंच बोलायचे. ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब सांगायचे.

"मी पडणार, मामा. शिकतीय अजून."

"मग घासती त्या कडंला थर वाढवू. मधी पातळ ठेवू. आन् फाटलीच तर ह्ये काचंच्या धाग्याचं मॅट लावून वर रेझिन मारायचं, तुझं तुला जमंल. दावतो मी."

असं तिचं ठरलं. जाड कडांची, घरच्या घरी सांधता येईल अशी. शोभेला कमी, टिकायला बरी.

याच सुमाराला पोपटराव घरी आले. पोपटराव म्हणजे दूध संस्थेचे चेअरमन, आणि संस्थेची निवडणूक तोंडावर आलेली. सत्यजीत त्यांच्या गाडीत पुढे बसणारा. चहा झाल्यावर पोपटराव म्हणाले, "पोरीनं गावाचं नाव काढलं, भिमाजी. तिला फायबर-बियबर कशाला? कार्बनची मागवू, परदेशातनं. सगळं माझ्याकडं लागलं."

मग त्यांनी फोन पुढे केला. गाडीचं चित्र होतं. दोन्ही बाजूंना हात जोडलेले पोपटराव, पार टाकीपासून चाकापर्यंत. वर 'तालुक्याची लेक' आणि अगदी खाली, सायलेन्सरजवळ, बारीक अक्षरांत सुलक्षणाचं नाव.

"आबा, बॉडीवर रेसचा नंबर असतो," ती म्हणाली.

"असू दे की. नंबराला जागा ठिवलीय मागं."

"नंबर पुढं लागतो. आन् मला तुमचा फोटो नको."

भिमाजींनी मान खाली घातली. पिकअपची दुधाची फेरी संस्थेची होती, पोपटरावांच्या एका शब्दावर चालणारी. पोपटराव मात्र हसले. "इचार कर. घाई न्हाई," म्हणून उठले. बाहेर गाडीपाशी सत्यजीत त्यांना म्हणत होता, "मी बघतो, आबा. तयार करतो तिला." ते सुलक्षणानं ओसरीवरून ऐकलं.

रोहिदासची बॉडी आली ती दुधासारखी पांढरी, रंग न मारलेली. सुलक्षणानं ती गोठ्यातच बसवली. रोज थोडं थोडं. एक भोक चुकलं तर सगळं वाकडं बसतं, म्हणून आधी दोऱ्यानं बांधून बघायची, हँडल पूर्ण वळतंय का ते पाहायची, मगच ड्रिल लावायची. खालचं पॅन बसवल्यावर तिनं त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि बसून राहिली. थेंबभर गळालं नाही. मग तिनं पुढे आणि दोन्ही बाजूंना काळ्या रेडियमचा नंबर चिकटवला. बाकी सगळं कोरं ठेवलं. त्या कोऱ्या पांढऱ्याकडे बघून तिला बरं वाटलं. इतकी मोठी जागा, आणि तिच्यावर कुणाचं काही लिहिलेलं नाही.

कोइमतूरला निघायच्या आदल्या दिवशी ती दूध घालून दुपारी परत आली तर गोठा रिकामा. चौकातून हलगी ऐकू येत होती. तिनं पिकअप तसाच चौकात नेला. ग्रामपंचायतीसमोर मंडप, खुर्च्या, शाल-श्रीफळाचं ताट, आणि मधोमध तिची गाडी. सत्यजीतनं ती सकाळी टेम्पोत घालून शिरूरच्या रेडियमवाल्याकडे नेली होती. दोन्ही बाजूंनी पोपटराव हात जोडून हसत होते. तिचा नंबर त्यांच्या फेट्याखाली गेला होता.

"ये, ये," पोपटराव माईकवरून म्हणाले. "सत्कारमूर्ती आली."

सुलक्षणा मंडपात शिरली ती सरळ गाडीपाशी गेली आणि उकिडवी बसली. फोटोच्या कोपऱ्यात नख घातलं. रेडियम नवं होतं, निघेना. तिनं दुसरा कोपरा धरला. हलगीवाला वाजवायचं थांबला. कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

सत्यजीत धावत आला, तिचं मनगट धरलं. "आबांचा अपमान करतीस, चारचौघांत?"

"दादा, गाडी कुणाची हाय?"

"तुझी हाय, पर..."

"मग मला इचारून चिकटवला व्हता का?"

त्यानं मनगट सोडलं नाही. तिनंही नख काढलं नाही. दोघं तशीच राहिली.

बायकांच्या घोळक्यातून सोजराबाई मघाशीच उठून गेली होती. घर चौकाला लागूनच. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बंबातल्या कढत पाण्याची कळशी होती आणि खांद्यावर फडकं. तिनं कळशी लेकीच्या हाताशी ठेवली, सत्यजीतकडे बघितलं आणि म्हणाली, "हात काढ. भाजंल."

सत्यजीतनं हात काढला.

गरम फडकं ठेवलं की रेडियम मऊ व्हायचं. पोपटरावांचे जोडलेले हात ताणले गेले आणि अख्खे निघून आले. मग चेहरा, मग फेटा. एक बाजू झाल्यावर मायलेकींनी दुसरी घेतली. कुणी खुर्चीवरून उठलं नाही, कुणी मध्ये पडलं नाही. सगळं निघाल्यावर सुलक्षणानं त्या रेडियमची नीट घडी घातली आणि सत्यजीतच्या हातात दिली. "आबांचा फोटो हाय. पायदळी जायला नको."

पोपटराव माईक बाजूला ठेवून जवळ आले होते. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, परत आल्यावर दूध कुठं घालशील?"

"घालीन कुठंतरी. नासायच्या आत."

ट्रक ठरल्या वेळेला निघाला. कोइमतूरला तपासनिसानं खालच्या पॅनमध्ये हात घालून पाहिलं, बॉडी हलवून पाहिली आणि पास म्हणून चिकटपट्टी लावली. सरावात ती पुन्हा पडली, मागच्या खेपेच्याच वळणावर. डावी कड मॅटपर्यंत घासली, पण तुटली नाही, आणि पॅन शाबूत राहिलं. तिनं रोहिदासनं दिलेला रेझिनचा डबा काढला, मॅटचा तुकडा कापला आणि तिथंच, तंबूच्या सावलीत, ठिगळ लावलं. शेजारच्या तंबूतली मुंबईची मुलगी आपल्या तडकलेल्या कार्बनकडे बघत बसली होती. सुलक्षणानं उरलेलं रेझिन तिला देऊ केलं.

रेसमध्ये ती पुढच्यांच्या जवळपासही पोचली नाही. पहिल्या फेरीत मागे पडली, मग दोघींना गाठलं, त्यातल्या एकीनं तिला पुन्हा मागे टाकलं. पण ते वळण तिनं प्रत्येक फेरीत न पडता घेतलं, आणि शेवटच्या फेरीत तर घसरायची भीती वाटायच्या आधीच ते मागे गेलं होतं. हेल्मेटच्या आत ती मोठ्यानं हसली. कुणाला ऐकू गेलं नाही.

गावात आल्यावर लोकांनी विचारलं, "नंबर आला का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पुढच्या खेपंला परत जाणार हाय."

केंद्रावर तिच्या जागी दुसऱ्याचा पिकअप लागला होता. कुणी रागावून बोललं नाही, नुसतं सांगितलं की फेरी दिली दुसऱ्याला. भिमाजी दोन दिवस रिकामे कॅन उगाच धूत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दौंडला एक खाजगी डेअरी निघालीय म्हणत्यात. बघ जाऊन." दौंडचा रस्ता लांबचा, डिझेल जास्त, वेळ जास्त. जुन्या वस्त्यांपैकी निम्म्यांनी तिला दूध दिलं नाही. पोपटरावांशी वाकडं कोण घेणार? पण ज्यांनी दिलं त्यांत बायकांची घरं जास्त होती. एकीनं कॅन चढवताना एवढंच विचारलं, "रेडियम काढाय गरमच पाणी लागतं व्हय?"

निवडणूक झाली. पोपटराव निवडून आले, मोठ्या फरकानं. गुलाल उधळला, सत्यजीत दोन दिवस लाल अंगानं फिरला. आणि आठवड्याभरात त्यांचा निरोप घेऊन आला. सुलक्षणा दौंडच्या फेरीला निघायच्या तयारीत होती.

"आबा म्हणलं, झालं गेलं इसरू. फेरी तुझी तुला परत घी. रेसच्या गाडीवर फोटो नको, नुसतं संस्थेचं नाव चालंल. बारीक."

"किती बारीक?"

सत्यजीतनं बोटांनी दाखवलं. वीतभर होतं.

"आबांना म्हणावं, दौंडची वाट मला बरी पडलीय," ती म्हणाली. "आन् संस्थेला नावच लावायचं असंल, तर ज्यांचं दूध घेता त्यांची लावा. भिताडावर जागा हाय."

"मी असं सांगू त्यास्नी?"

"जसंच्या तसं. आता सरक बाजूला, कॅन लागंल."

तिनं मागची फळी लावली, साखळी अडकवली आणि पिकअप दौंडच्या रस्त्याला घातला.