माझी कोरडी पाठ आणि मुळशीचा रस्ता

एरवी मला नावाने हाक मारणारी माझी बायको 'अहो' म्हणाली, की प्रकरण गंभीर आहे असं समजावं. जुलैतल्या एका रविवारी आम्ही दोघं सायकलने माणपर्यंत जाऊन आलो आणि महाळुंग्यातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमधल्या आरशात मृणालने स्वतःला पाहिलं. कपाळ, गाल, चष्मा, ओठ, सगळीकडे चिखलाचे ठिपके. कोणी फुरसतीने बसून काढले असावेत इतके ते दाट होते.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मुळशीला जायचंय ना आपल्याला? तेव्हा माझ्या तोंडात पुन्हा चिखल गेला, तर मी सायकल विकणार. तुम्ही जात जा एकटे."

तिची तक्रार रास्त होती. आमच्या दोघांच्याही रोड बाइक, म्हणजे बारीक चाकांच्या, वाकड्या हँडलच्या आणि जन्मतःच मडगार्ड नसलेल्या. ओल्या रस्त्यावर मागचं चाक पाणी उचलतं आणि वर भिरकावतं. मृणालला डंपरची भीती वाटते म्हणून ती नेहमी माझ्या पाठीमागून, अगदी चाकाला चाक लावून येते. सायकल विकली गेली तर माझंच जास्त नुकसान होतं. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेल्यापासून आमचं बोलणं गॅसचा नंबर आणि सोसायटीचा मेंटेनन्स यांच्या पलीकडे जातं ते फक्त रविवारी सकाळी, रस्त्यावर. तेव्हा मडगार्ड घ्यायचे ठरले.

याच खरेदीच्या विचारात असलेल्या वाचकांसाठी थोडं शास्त्र. रोड बाइकला मडगार्डचे स्क्रू बसवायला भोकंच नसतात, त्यामुळे अडकवायचे मडगार्ड घ्यावे लागतात. संस्कृत घेऊन एम. ए. केलेल्या माणसाला वर्गीकरण केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी त्यांचे तीन वर्ग पाडले. पहिला वर्ग जिव्हा: सीटखाली खोचायची प्लास्टिकची चपटी पट्टी. दुसरा पुच्छ: सीटच्या दांडीला चिमटा लावून मागे उंच उभारायची शेपटी. तिसरा छत्र: चाकाच्या अगदी जवळून जाणारी लांब पट्टी, ती रबरी पट्ट्यांनी फ्रेमला बांधायची आणि तिच्या टोकाला जमिनीकडे लोंबणारा एक पडदा असतो.

मग मत मागितलं. आमच्या भागातल्या सायकलवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात माणसं एकमेकांना 'रायडर' म्हणतात आणि निम्मे जण रविवारी बालेवाडीतल्या इडलीपर्यंतच पोचतात. ज्यांचं पोट हँडलच्या आधी चौकात शिरतं अशा एका गृहस्थांनी तिन्ही वर्गांची वजनं ग्रॅममध्ये पाठवली आणि छत्र वर्गाला 'फार जड' ठरवलं. दुसऱ्याने लिहिलं, रोड बाइकवर लांब मडगार्ड म्हणजे शेरवानीखाली गमबूट. तिसऱ्याचं म्हणणं, मुळशी सोडा, लवासाला जा. तिथे इमारती आहेत, माणसं फारशी नाहीत, तेव्हा तुमचं ध्यान बघायला कोणी नसेल.

या ग्रुपचा एक नियमही आहे. पावसात ज्याच्या मागच्या चाकाला लांब मडगार्ड नाही, त्याने रांगेत सगळ्यात शेवटी राहायचं. नियम मी अनेकदा वाचला होता. पण तो रांगेसाठी आहे, दोन सायकली म्हणजे काही रांग नव्हे, असा मी त्याचा अर्थ लावला. शास्त्र शिकल्याचा हा एक फायदा असतो, हवा तो अर्थ लावता येतो.

छत्र बसवायला माझ्या टायर आणि ब्रेकमध्ये बोटभर जागा हवी होती आणि तिथे आगकाडी जेमतेम शिरत होती. शिवाय ते रूप. मी पुच्छ घेतलं. काळं, निमुळतं, वजनाला नगण्य. मृणाल मागेच असते, तिच्या मागे कोणी नसतं, म्हणून तिच्या सायकलला काही घेतलं नाही. यात काटकसर होती आणि तर्कही होता. पार्किंगमध्ये बादलीभर पाणी ओतून मी त्यातून पाच-सात फेऱ्या मारल्या आणि वॉचमनला पाठ दाखवली. "एकदम सूखा, साहब," तो म्हणाला. गॅलरीतून मृणालने विचारलं, झालं का काम. मी म्हणालो, झालं.

रविवारी सहाला निघालो. ज्यांना जायचं आहे त्यांनी याहून उशीर करू नये, नंतर हिंजवडीचा चौक सायकल ओळखत नाही. रात्रभर पडून पाऊस थांबला होता. माणमध्ये शेतांच्या जागी इमारती आणि इमारतींवर 'रूम भाड्याने मिळेल'चे फलक. एका ओट्यावर मालक चहा पीत बसले होते आणि त्यांचे भाडेकरू रविवारीही बॅगा पाठीला लावून कंपनीच्या बसमागे पळत होते. माणपर्यंत रस्ता खड्ड्यांचा आहे, घोटावड्याकडे वळलं की खड्डे कमी होतात आणि हिरवं सुरू होतं. खाचरांत पाणी साचलेलं, भातलावणी अर्ध्यावर आलेली, बांधावर इरली. मी खुशीत होतो. पाठ कोरडी होती. मी रस्त्याबद्दल, मुलाच्या नव्या खोलीबद्दल, पुच्छ वर्गाच्या श्रेष्ठतेबद्दल मोठ्याने बोलत होतो. मागून उत्तर येत नव्हतं. चढामुळे दम लागला असेल, असं मी समजलो. चढ नव्हता, पण समजायला काय जातं.

पौडला एका टपरीवर थांबलो. चहा चांगला, भजी त्याहून चांगली, दोघांचं पोट शंभराच्या नोटेत भरतं. टपरीवरच्या मावशींनी कढईतून मान वर केली आणि माझ्या मागे पाहतच राहिल्या.

"बाई, भात लावून आला का काय?" त्या म्हणाल्या.

मी वळलो. चष्म्याच्या काचांतून दोन डोळे तेवढे ओळखू येत होते. ओठ घट्ट मिटलेले. घोटावड्यापासून ती बोलली का नव्हती, ते मला तेव्हा कळलं. तोंड उघडलं असतं तर चिखल आत गेला असता.

मावशींनी माझ्याभोवती एक चक्कर मारून माझी पाठ पाहिली. "मालक कोरडे ठणठणीत हायेत की. ही शेपटी कशापायी हो?"

मी मडगार्ड आहे असं सांगितलं.

"व्हय? मग बाईंला न्हाई का पुरलं?"

भजी खाणारे दोघे-तिघे हसले. मृणाल हसली नाही. हौदावर तिने तोंड धुतलं, चूळ भरली, आणि मावशींना विचारलं की महाळुंग्याकडे जाणारा एखादा टेम्पो मिळेल का. मावशींचा दीर दुधाचा पिकअप घेऊन तिकडेच निघाला होता. सायकल मागे कॅनांच्या शेजारी टाकू, म्हणाला. पैशाचं बोलणं त्याने हातानेच उडवून लावलं. म्हणजे माझ्या बाजूने अडचण काढायलाही काही उरलं नाही.

मी पुच्छाची उंची बदलता येते, कोन बदलता येतो, असं काहीबाही सांगू लागलो.

"अहो, ऐका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन तास तुमची पाठ बघत आले मी. तिच्यावर एक थेंब नाही. तुम्ही आठवडाभर मडगार्ड शोधत होतात ना, त्यात एकदा तरी माझ्या जागी येऊन बघितलंत?"

बघितलं नव्हतं. पार्किंगमध्येही नाही. जिव्हा, पुच्छ, छत्र, सगळा विचार माझ्या सीटपाशी सुरू होऊन तिथेच संपला होता.

दिराने सायकलला हात घातला. मी म्हणालो, "तू पुढे चल. मी मागून येतो."

"माझ्या सायकलला तर काहीच नाही."

"माहितेय."

"डंपर आले तर?"

"मी ओरडून सांगेन."

"तोंड उघडावं लागेल," ती म्हणाली. पुसटसं हसू आलं की काय, चिखलामुळे नीट दिसलं नाही. तिने क्षणभर पिकअपकडे पाहिलं आणि दिराला म्हणाली, "दादा, राहू द्या."

मावशी मला म्हणाल्या, "आता जावा तुमी मागनं. चव बघा." आणि भज्यांचा घाणा काढायला वळल्या.

पौडपासून पुढे मुळशीपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर मला फारसं माहीत नाही. डांबर बरं आहे, कडेला लाल माती आहे, आणि ती किंचित तुरट लागते. माणची माती यापेक्षा खारट असावी, पण तिची चव मृणालला विचारावी लागेल. मधे दोन डंपर आले. दोन्ही वेळा मी "डंपर!" ओरडलो आणि दोन्ही वेळा भरपूर खाल्लं. पहिल्याला ती थबकून बाजूला झाली. दुसऱ्याला हात दाखवून तिने त्यालाच सबुरीने घ्यायला लावलं. त्यानंतर तिने मागे पाहिलं नाही. माझ्या पाठीमागे असताना ती माझ्या वेगाने यायची, आता कळलं की तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे.

माले गावाच्या पुढे चढ संपतो आणि धरणाचं पाणी एकदम समोर येतं, असं म्हणतात. मला आधी दिसली ती कठड्याला सायकल टेकवून उभी असलेली मृणाल, पाणी तिच्यामागे होतं. ढग अगदी खाली उतरलेले. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

तिथे पिठलं-भाकरी मिळते, गरम असते, ठेच्याला नाही म्हणू नका. जेवताना ती मुलाविषयी बोलली. त्याची आठवण येते पण फोनवर सांगता येत नाही, म्हणाली. मी ऐकलं. तोंडात भाकरी होती म्हणून नव्हे.

परतीचं सगळं अंतरही मी मागेच होतो. लिफ्टच्या आरशात या वेळी ठिपके माझ्या चेहऱ्यावर होते. हेल्मेटच्या पट्ट्यातली लाल माती अजून पूर्ण निघालेली नाही आणि मी ती फार घासतही नाही.

दुसऱ्या दिवशी छत्र आणलं, लांब, जड, पडद्यासकट. ते मृणालच्या सायकलला बसवलं. तिथे जागा आहे, पण रबरी पट्ट्या ओढून बांधायला संयम लागतो आणि थोडा वेळ खडखडतं. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा गमबुटाचा विनोद पुन्हा आला. पुच्छ काढून मी माळ्यावर टाकलं. माझ्या सायकलला आता काहीच नाही. पावसात पाठ भिजते, चिखलाचा पट्टा उमटतो. चालतं, माझ्या मागे कोणी नसतं.

सायकल विकायचा विषय मृणालने काढलेला नाही. परवा फक्त विचारत होती, ताम्हिणीपर्यंत जायचं का. या वेळी 'तू' म्हणाली, 'अहो' नाही.