रहीमभाईंचं ऑम्लेट आणि कोळशातला दगड

"खानसामा, ही अंडी गेल्या महिन्यातली आहेत काय?"

साहेबांचा आवाज भिंतीपलीकडून आला तेव्हा माझ्या हातात टेस्ट ट्यूब होती. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. वणीच्या रेस्ट हाउसमध्ये आमचा खनिज सर्व्हेचा कॅम्प होता, साहेब त्याचे प्रमुख आणि मी केमिस्ट. अ‍ॅसिडचं काम मागच्या अंगणात करायचं, अशी साहेबांची लेखी ऑर्डर होती. थंडी फार, म्हणून मी ते डायनिंग रूमशेजारच्या खोलीत करत होतो.

"साहेब, अंडी आजची हायेत," रहीमभाई म्हणाले. "सोता कोंबडीखालून काढून आनली."

"मग वास कसला? उद्यापासून दुसरा खानसामा!"

रहीमभाई वीस वर्षं तिथे रांधत होते. वास कसला, ते फक्त मला माहीत होतं. ट्यूबसकट डायनिंग रूममध्ये गेलो.

"सर, वास माझा आहे."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे, दगडाचा."

साहेब मूळचे रेव्हेन्यू खात्याचे. दगड त्यांना फक्त बांधावरचा ठाऊक. "दगड नासतो? दाखवा."

टेबलावरच दाखवलं. आधी तांबडा दगड. हे लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन. पूड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये गरम केली. हळूहळू विरघळली, अ‍ॅसिड पिवळं झालं. यातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं, त्यामुळे वास नाही.

साहेबांनी हुंगलं. "कुठाय वास?"

रहीमभाईंचा चेहरा पडला.

मग कोळशात सापडलेला सोनेरी दगड. हे सल्फाइड, म्हणजे लोखंडासोबत गंधक. हा हट्टी, नुसत्या त्या अ‍ॅसिडला दाद देत नाही. म्हणून वर जस्ताचा चुरा टाकला. बुडबुडे आले. गंधकाला हायड्रोजन मिळाला की गॅस होतो, नासक्या अंड्यात असतो तोच.

"सर, लांबूनच. हातानं वारा घेऊन..."

साहेबांनी नाक ट्यूबवर नेलं होतं.

ते व्हरांड्यात गेले, तिथून अंगणात, तिथून पार फाटकापर्यंत. रहीमभाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावले. परत आल्यावर मला म्हणाले, "बाबूजी, दगड बी सडते, हे मले आजवर कोनी सांगतलं नाही."

त्यांची नोकरी राहिली. मला मेमो मिळाला : 'विनापरवानगी दुर्गंधी निर्माण केल्याबद्दल.' कोळशात गंधक असल्याच्या माझ्या रिपोर्टवर साहेबांनी एकही प्रश्न न विचारता सही केली.

ऑक्साइड की सल्फाइड, हे बरेचदा नाकानं कळतं. फक्त नाक आपलं वापरावं, साहेबांचं नव्हे.