शेलाराशी तीन फेऱ्या

हवालदार वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांच्या तोंडी लढती लावायचे. त्यातले निम्मे मेलेले, उरलेल्यांचे दात पडलेले. तरी निकाल लागेपर्यंत ते बैठकीतल्या कुणाला जागचं उठू द्यायचे नाहीत.

पहिल्या महायुद्धात पलटणीत बॉक्सिंग शिकवून, नाक वाकडं करून घेऊन हा माणूस पेन्शनीवर मलकापुरात आला. आमचं उसाचं गुऱ्हाळ सुरू झालं की दुपारी रस उकळायच्या काहिलीशेजारी त्यांची बैठक बसायची. पलटणीतून रजेवर आलेली पोरं असायची, म्हातारे पेन्शनर असायचे. दोघांनी दोन बॉक्सरांची बाजू घ्यायची आणि तीन फेऱ्या बोलायचं. हवालदार रिकामा डबा वाजवून फेरी संपवायचे. नियम एकच. डोळ्यांनी पाहिलं असेल तेच बोलायचं.

एकदा कुणीतरी आपल्या बॉक्सराच्या खुराकाचं कौतुक लावलं, रोज दोन शेर दूध प्यायचा म्हणून. हवालदार म्हणाले, "दूध लढत न्हाई गड्या. हात कुठनं आला ते सांग."

त्यांचा स्वतःचा हुकमी माणूस म्हणजे मेढ्याचा शेलार, पहिल्या लढाईतला. त्याच्या कोपऱ्यात ते स्वतः पाणी घेऊन उभे राहिले होते. नव्या दमाचा कितीही भारी गडी आणा, शेलार त्याला पुरून उरायचा. मला त्या शेलाराचा मनस्वी राग यायचा.

माझा थोरला भाऊ किसनदादा दुसऱ्या लढाईत इटलीत कामी आला. पलटणीत तोही बॉक्सिंग करायचा, तसं पत्रातून कळवायचा. तार आल्यावर दोन महिने मी गुऱ्हाळाकडे फिरकलो नाही. मग एक दिवस गेलो आणि म्हणालो, "आज दादा आणि शेलार."

मी तोंड उघडायच्या आत सगळ्यांनी हात वर केले. किसन जिंकला. हवालदारांनी डबा पालथा घातला.

"ह्यो निकाल न्हवं. ही दया झाली. किसनला लढताना कुणी बघितलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाला एक खोटी लढत जिंकू दिली तर यांच्या बापाचं काय जाणार होतं? मी त्यांना सरळ सांगितलं, उद्यापासून माझ्या गुऱ्हाळावर पाय ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि त्याच जागी बसले. मग आठवडाभर दिसलेच नाहीत. मला वाटलं, सुटलो. नंतर कळलं की ते दादाच्या पलटणीतलं कुणी रजेवर आलंय का, हे विचारत औंधपर्यंत पायी जाऊन आले होते. साक्षीदार मिळाला नव्हता. परत आले तेव्हा पायाला चिंध्या बांधलेल्या होत्या. "पुढच्या आठवड्यात तासगावाकडं बघतो," म्हणाले.

ही गोष्ट आईच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन गुऱ्हाळावर आली. बैठकीतले पुरुष चुळबुळायला लागले.

"भावजी, मी बघितलंय त्याला," आई म्हणाली. "रजेवर आला तवा, ह्यो गुऱ्हाळावर गेला की घरामागं परड्यात पोतं टांगून रोज मारायचा. मी भाकरी थापत बघायची."

हवालदार उठून उभे राहिले. "सांगा वैनी."

"डावा हात लय चलाख. कवा गेला नि कवा आला, दिसायचा न्हाई. पर दम लागला की उजवा खाली यायचा. मी वरडायची, आरं, हात वर घे."

"खाली म्हंजी किती?"

आईने हात हनुवटीपासून छातीपर्यंत आणून दाखवला. मी डोळ्यांनी तिला खुणावत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात तिथंच ठेवला.

हवालदारांनी डबा पुढ्यात ओढला. मग एकेक फेरी त्यांनी सांगितली. पहिली दादाची. दुसरी बरोबरीची. तिसऱ्या फेरीत दादाचा उजवा हात खाली आला, आणि शेलार आयुष्यभर तेवढ्याचीच वाट बघत लढला होता.

"हारला वैनी," ते म्हणाले.

"पडला काय?"

"न्हाई. डबा वाजंस्तवर उभा हुता."

आईने मान हलवली आणि ती घरी गेली. त्या दिवशी ती तार आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. मी मात्र हवालदारांशी महिनाभर बोललो नाही. माझं चुकलंच.

त्यानंतर दादा बैठकीत रीतसर लढायला लागला. काही जिंकला, काही हरला. पोरं त्याच्या डाव्या हाताबद्दल असं बोलायची की जणू काल पाहिलाय.

तीन वर्षांनी हवालदार गेले. आई त्यांच्या घरी भेटायला गेली, मी सोबत होतो. बायका रडत होत्या. आई हवालदारांच्या बायकोचा हात हातात घेऊन बसली होती.

"बाई, समद्यांनी माझ्या पोराची कीव केली," ती म्हणाली. "ह्या एका माणसानं त्याला लढू दिलं."