गायिकेला विचारलेला प्रश्न

वाशीत साड्यांचं नवं दुकान उघडलं तेव्हा उद्घाटनाला एक नामवंत गायिका येणार होत्या, आणि साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांना एक प्रश्न विचारता येणार होता. मी लगेच साडी घेतली. रंग शोभतो की नाही हेही पाहिलं नाही. आवाज टिकवायला बाई काय खातात, हे मला विचारायचं होतं. माझा आवाज भांडणापलीकडे कशाला कामी येत नाही, पण विचारायला काय जातं?

सोबत सासूबाईंना ओढून नेलं. त्या घणसोली गावातल्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना बोलवायचा मान धवलारणीचा. तिने नावं घेतल्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. मी साताऱ्याकडची, माथाडी कामगाराची मुलगी. मला हे सगळं लग्न होऊन इथे आल्यावर कळलं. पण त्या वर्षीची लग्नसराई सासूबाईंनी घरात बसून काढली होती. बोलवायला येणाऱ्यांना घसा बसलाय म्हणून सांगायच्या. घसा चांगला ठणठणीत होता, मी रोज ऐकत होते.

खरं कारण फक्त मला माहीत होतं. आदल्या वर्षी गावातली एक मुलगी उरणकडे दिली, तिच्या लग्नात धवले सासूबाईंनीच गायले होते. तिकडच्या देवांची नावं सासूबाईंनी घोकून घोकून पाठ केली, एकही चुकलं नाही. आणि त्या नादात आपलीच गावदेवी बोलवायची राहिली. लक्षात आलं तोवर मुलगी सासरी गेली होती. आता देवीचा कोप त्या पोरीवर होणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं. ती कशी आहे हे विचारायची त्यांची छाती होईना. कोणी तिचा विषय काढला की उठून आत जायच्या. मी चौकशी करते म्हटलं तर माझ्यावरच डाफरायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

दुकानात माझी पाळी आली. मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी मला कोपराने बाजूला सारलं.

“बाय, तुमी गाताना कवा इसरता का?”

गायिका मनापासून हसल्या. “विसरते की! एकदा तर अख्खं कडवं गाळलं. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“तुमचा बरा हाय,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या गान्यानी कोनाचा लगीन लागत नाय.”

मागच्या बायका फिस्सकन हसल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं. गायिका मात्र आता हसल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग ती मुलगी आता कशी आहे?”

सासूबाईंना मान खाली घालून सांगावं लागलं की ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या. “चल गो, उरनला.” एसटीत वाटभर त्यांनी माझा हात सोडला नाही. देवाबिवाचा कोप मी मानत नाही, पण त्या दिवशी मीही घाबरले होते. तिथे काही वाईट ऐकावं लागलं असतं तर या बाईला मी कशी सावरणार होते?

मुलगी ओटीवर बसून मासळी साफ करत होती. पोट चांगलंच दिसत होतं, गाल वर आले होते, आणि बसल्या जागेवरून ती घरातल्या नवऱ्याला खणखणीत आवाजात दटावत होती. एवढं बघूनच माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंना तेवढ्याने भागेना. ये-बस व्हायच्या आतच त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

“आपली देवी?” मुलगी म्हणाली. “ती तं घरचीच. घरच्या मान्साला कोन आवतान देतं, काकी?”

सासूबाई ओटीवर मटकन बसल्या. मुलगी मासळीचे हात पदराला पुसत त्यांना खेटून बसली. मला इतकं हलकं वाटलं की मीही रडून घेतलं. सासूबाई मात्र रडता रडता हसायला लागल्या होत्या.

“घरचीच गो ती,” त्या मला म्हणाल्या. “म्हनून तं इसरली मी.”