हलीमाबीचा गुडघा आणि ज्वारीचं पोतं

हलीमाबीचा डावा गुडघा सटकन मागं तणला आणि ती उंबऱ्यावर आपटली. कपाळ फुटलं. मी हातभर अंतरावर होते, तरी सावरता आलं नाही.

"बस झालं बाई!" तिचा मुलगा रहीम ओरडला. "उद्यापासून अम्मा खाटेवर."

"खाटेवर पडून पाठ सडते, मग माणूस जातं. महिना दे मला," मी म्हणाले.

"पंधरा दिवस. जास्ती न्हाई."

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी बाळापूरला दवाखान्यात आया होते, शिक्षण चौथी. लकव्याची कसरत डॉक्टरांनी शिकवली. हलीमाबीला लकवा झाला होता, म्हणून मी रोज तिच्या घरी यायची. लकव्यानंतर पायात जोर परत येतो, पण गुडघ्याला लगाम राहत नाही. तो मागं तणतो, नाहीतर एकदम दुमडतो. त्यासाठी उंच जागेवरून हळू उठायचं, हळू बसायचं. जमलं की बैठक खाली आणायची. मी गुडघ्यामागं हात धरायची.

घरात खुर्ची नव्हती. ज्वारीचं भरलेलं पोतं भिंतीला उभं होतं. त्यावर बसवलं. घर खाईल तसं पोतं उतरेल, असा माझा हिशोब.

आठ दिवस झाले, गुडघा तसाच. मी पोतं चाचपलं. गळ्यापर्यंत भरलेलं!

"काहून गं शकीला, भाकरी करीत न्हाईस?" मी सुनेला विचारलं.

"शेजारून ज्वारी आणून राहिले, बाई. अम्मा बसती त्यातलं धान कसं काढू? लोक म्हणतील, सासू लुळी पडली अन् सुनेनं बुडाखालची ज्वारी काढली."

पोतं उतरलं तरच गुडघा सुधारेल, हे मी तिला तेव्हा सांगितलं.

"काढ की गं," हलीमाबी म्हणाली. "तकलीफ मला हाय, लोकांना न्हाई."

त्या दिवसापासून रोज चार बोटं पोतं उतरवलं. ज्वारी घागरीत भरली. हलीमाबी घामाघूम व्हायची, मला शिव्या द्यायची. मी मोजत राहायची. दहा झाले की परत दहा.

पंधराव्या दिवशी रहीम दारात उभा राहिला. हलीमाबी गुडघाभर पोत्यावरून उठली. गुडघा थरथरला, तणला नाही. काठी टेकत तिनं उंबरा ओलांडला.

"खाट काढू का मग?" मी रहीमला विचारलं.

"त्यालाच झोपव खाटेवर," हलीमाबी म्हणाली.

कसरत सांगताना घरच्यांना कारणही सांगावं, हे मला आठ दिवस वाया घालवून कळलं.

त्या वर्षी लकव्याच्या तीन बायका माझ्याकडे होत्या. दोघी खाटेवरच वारल्या. हलीमाबी जगली.